न फुटणारे पेले

शिमगा सरला की आमच्या गावाचा वास बदलतो. एरवी इथे खाडीच्या चिखलाचा आणि दोऱ्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असतो. मग एका सकाळी त्यात कुटलेल्या हळदीचा आणि आंब्याच्या ताज्या डहाळ्यांचा वास येऊन मिसळतो. पलीकडे मिठागरांत राशी पांढऱ्या व्हायला लागतात, दुपारचं ऊन त्यांच्यावरून उडून डोळ्यांत येतं, आणि गावात कुठे ना कुठे पहारीने खड्डे खणण्याचा आवाज सुरू होतो. मांडवाचे खांब पुरायचे असतात. लग्नसराई आली हे आम्हाला पंचांग सांगत नाही, पहार सांगते.

यंदा ती पहार माझ्याच अंगणात वाजते आहे. थोरल्या मुलीचं, मंदाचं लग्न ठरलंय. दारात बांबू येऊन पडलेत, घरात बायकांचे आवाज वाढलेत, आणि परवा बायको दळणाचं सूप हातात घेऊनच माझ्यासमोर उभी राहिली.

"अवं, माल्यावरचं पोतं काढता का नाय? पेले धुवाया पायजेत."

मी हो म्हणालो आणि बसून राहिलो. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणालो. शेवटी शिडी लावून चढलो. कौलांखालच्या त्या गरम अंधारात गोणपाटाचं पोतं होतं, वर धुळीचा जाड थर. मी ते वरूनच खाली सोडलं. पितळेची भांडी असती तर अख्ख्या आळीला कळलं असतं. हे पोतं पडलं तेव्हा वाळक्या पानांच्या ढिगावर कोणी बसावं तेवढाच आवाज झाला.

पोत्याचं तोंड सोडलं. गुलाबी, हिरवे, पिवळे, निळे. एकात एक बसलेले, पोपटाच्या पिसांच्या जुडग्यासारखे. दहाएक वर्षांत गावातल्या किती मांडवांतून हिंडून आलेत, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. काही कुठेतरी राहून गेले असतील. पण फुटलेला एकही नाही, तडा गेलेला एकही नाही. बोटाने एक दाबून पाहिला. तो दबला आणि पुन्हा होता तसा झाला. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मिशीवरून हात फिरवला असता. मी पेला जागेवर ठेवला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

हे पेले माझ्या हातचे आहेत. तेव्हा मी कुर्ल्याच्या बाजूला एका लहान कारखान्यात होतो. आठवडाभर मुंबईत खोलीवर राहायचं आणि सुट्टी धरून भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची, असं माझं आयुष्य दोन धक्क्यांच्या मधे चाललेलं होतं. कारखान्यात यंत्राच्या तोंडात प्लास्टिकचे दाणे ओतायचे, साबुदाण्यासारखे दिसणारे. ते आत वितळायचे. मग दांडा ओढला की साचा मिटायचा आणि उघडला की पेला हातात पडायचा, कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखा ऊबदार. त्या वासाने पहिल्या दिवशी डोकं धरलं होतं. पुढे तोच वास मला पोटापाण्याचा वास वाटायला लागला. बाजूला साच्याची बारीक शिवण उमटायची, ती चाकूने तासून काढायची. आजही कोणत्याही प्लास्टिकच्या पेल्यावर माझं बोट आपोआप ती शिवण शोधतं.

त्या पेल्यांचे गुण सांगायला मला कोणी शिकवलं नव्हतं, ते मला खरोखरच पटलेले होते. आणि प्रामाणिकपणे सांगतो, आजही पटतात. पाहुणचाराला याच्यासारखं सोयीचं भांडं नाही. काचेचा पेला फुटला की मांडवातल्या अनवाणी पोरांच्या पायांत काचा जातात. याची ती भीती नाही. चिनी मातीच्या कपाचा कान जातो. याला कानच नाही. पितळ जड, आणि आमच्या खाऱ्या हवेत चार दिवस ठेवलं की हिरवं पडतं. शिवाय पितळेत कोकमाचं सरबत ठेवता येत नाही, कल्हई उडालेली असली तर कळकतं. प्लास्टिकमध्ये सरबत ओता, ताक ओता, चहा ओता, चव तीच राहते आणि पेला ओठाला भाजतही नाही. म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातात द्या, पोराच्या निष्काळजी हातात द्या. पडला तर पडला. पडण्याबद्दल कोणी कोणाला बोलायचं कारण उरत नाही, आणि लग्नघरात बोलण्याची कारणं जितकी कमी तितकी बरी.

हे सगळं खरं आहे. म्हणूनच माझी पंचाईत आहे. वस्तू वाईट असती तर मी तिला दोष देऊन मोकळा झालो असतो.

पण त्याआधी गावाला पेले लागायचे ते चांगुणाकाकीच्या घरातून.

चांगुणाकाकी माझी सख्खी चुलती नव्हे, भावकीतली. तिचे यजमान जनूकाका मिठाच्या पडावावर तांडेल होते. आमच्या मिठागरांचं मीठ शिडाच्या मोठ्या गलबतांतून मुंबईला जायचं, त्यांतलं एक गलबत त्यांच्या हातात असे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर खेपेला ते मुंबईहून बायकोसाठी पितळेचे दोनचार पेले आणायचे. नऊवारी नाही, बांगड्या नाहीत, पेलेच. आणि तिथेच नाव घालून आणायचे. आमच्याकडे भांड्यांवर घरच्या पुरुषाचं नाव घालतात. जनूकाकांच्या प्रत्येक पेल्यावर, काठाच्या खाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असे: सौ. चांगुणा.

लोक थट्टा करायचे. "काय रं जनू, पडाव तू हाकतोस का तुझी बायको?"

जनूकाका तोंडातली विडी न काढताच म्हणायचे, "पडाव मी हाकतो. पन घरात आल्याव पानी कोन देते? तिचा पेला, तिचा नाव."

बघता बघता त्या घरात इतके पेले झाले की एका मोठ्या लग्नाची पंगत भागावी. मग रीतच पडली. ज्याच्या घरी लग्न, त्याने नारळ घेऊन जायचं, चांगुणाकाकीच्या ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "काकी, पेले पायजेत." लग्न उरकलं की पेले परत जायचे, तेही रिकामे नाहीत. रिकामं भांडं परत करत नाहीत आमच्यात. वरच्या पेल्यांत वडे, एखादा लाडू, मूठभर तांदूळ असं काही ना काही असायचंच.

मग एका साली जनूकाका तापाने गेले. काकीचं कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या. पेल्यांवरचं 'सौ.' तेवढं राहिलं. ते कोण पुसणार?

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. विधवा बाईला 'हळदीला ये' असं तोंडाने कोणी म्हणत नसे. तिनेही आपण होऊन जायचं नसे. कोणी दुष्टपणाने केलेला नियम नव्हे. कोणी केलेलाच नव्हे, सगळे पाळायचे इतकंच. पण जनूकाका गेल्यानंतरच्या पहिल्या लग्नसराईत कोणीतरी नेहमीसारखा नारळ घेऊन गेलं आणि म्हणालं, "काकी, पेले पायजेत." पेले गेले, आणि पेल्यांच्या मागून काकी आली. जिची भांडी तिने ती राखायला बसायचं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मांडवाच्या कडेला भेंडीच्या झाडाखाली पाण्याचे रांजण असत. तिथे पाट टाकून ती बसली, आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात तिथेच बसली.

ती जागा म्हणजे मांडवाचा कडेचा कोपरा, पण तहान सगळ्यांना लागते. नवरदेवाचा मामा असो, वाजंत्री असो, रुसलेली मावशी असो, सगळे फिरून काकीपुढे यायचे. आमच्या गावात गोडं पाणी लांबून आणावं लागे, त्यामुळे ती पाण्यालाही धाक घालून बसायची.

"ओ व्याही, अर्धा पेला कुठं ठेवून चाललाव? खारं पानी खाडीत हाय. हा गोडा हाय, पिऊन जावा!"

व्याही ओशाळून पेला रिकामा करायचे. वर ती विचारायची, "जेवलाव का? वडं पोचलं का तुमच्या पंगतीला?" कोणत्या पंगतीला मटण कमी पडलं, कोण न जेवता निघालं, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे घरधन्याच्या आधी तिला कळायचं. लग्न संपलं की बायका तिच्याभोवती बसून पेले घासायच्या, चिंच आणि राख लावून. गप्पा, गाणी, चहाड्या, हसणं. पेल्यावर पेला आपटायचा. लहानपणी झोपेत ऐकलेला तो आवाज माझ्या कानांत लग्नाचा आवाज म्हणून बसला आहे. सनईसुद्धा मला नंतर आठवते.

माझ्या धाकट्या भावाचं, पांडूचं लग्न ठरलं ती लग्नसराई. मी पस्तिशीतला, मुंबईत नोकरीला असलेला, घरातला शहाणा. कारखान्यात शिवण नीट न निघालेले, रंगात जरा उणे-अधिक झालेले पेले कामगारांना मिळायचे. ते मी कितीतरी दिवस जमवत होतो. पांडूच्या लग्नाला पोतंभर पेले घेऊन लाँचमध्ये चढलो. पोतं एवढं मोठं, आणि मी एका हाताने उचललेलं, शेजारचा म्हणाला, "काय हो, कापूस नेताय का हळदीला?" मी तिथेच पोतं सोडून दाखवलं. लाँचभर गुलाबी आणि हिरवे पेले हातोहात फिरले. वारा होता, एक पेला उडून खाडीत पडला आणि बुडला नाही. लाटांवर नाचत मागे मागे जात राहिला. सगळे टाळ्या पिटून हसले. मला वाटलं, आज मी घरी काहीतरी मोठं घेऊन चाललोय.

अंगणात माणसं जमली होती. मी शिडीवर चढलो, एक पिवळा पेला माळ्याच्या उंचीवरून खाली टाकला. तो उसळला, तुळशीकडे गेला, कोंबड्या ओरडत पळाल्या. पुन्हा टाकला. माझ्या वडिलांचे मित्र धर्मादादा पेला हातात घेऊन उलटासुलटा करत होते. त्या काळी दारूबंदी होती, आणि आमच्याकडे हळद ताडीमाडीशिवाय लागत नाही. ती पितळेत कळकायची आणि काचेत बाहेरून दिसायची. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं, बाहेरून पाहिलं, आणि चेहरा उजळला.

"दामू, बाहेरशी काय पन दिसत नाय रं! आत पानी हाय का सरबत हाय, पोलीसपाटील काय सांगल? जगो तुझा कारखाना!"

अंगण हसलं. आईने पदराने डोळे पुसले. मुलगा शहरात जाऊन काहीतरी होतो असं म्हणतात, ते तिला त्या दिवशी दिसलं असावं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी काही सामान आणायला निघालो होतो. वाट काकीच्या घरावरूनच जाते. तिच्या ओट्यावर ऊन भरलेलं होतं आणि त्या उन्हात पितळेचे सगळे पेले पालथे घालून सुकत ठेवलेले. ओळीने. इतके लखलखीत की पाहताना डोळे मिटले. ओट्याच्या कडेला चिंचेचा चोथा पडला होता. काकीचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते.

"दामू, पेले घासून ठेवलेत रं. कधी नेनार?"

मी थांबलो. मला तिची खरोखर दया आली. एवढी म्हातारी व्हायला आलेली बाई, एवढी जड भांडी एकटीने घासत बसते. मी हसून, जवळ जाऊन, मोठ्या मायेने म्हणालो, "काकी, आता तुना तरास नाय. मी मुंबईसून आनलेत पेले. हलके हायत, फुटत नाय, घासाया पन लागत नाय. तू आराम कर."

ती हातावरची राख लुगड्याला पुसून म्हणाली, "बरा केलास. माझं पन हात दुखतंत आताशी."

मी पुढे गेलो. वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहण्यासारखं काही घडलं आहे असं मला वाटलंच नव्हतं. एक चांगलं काम केल्याचा आनंद होता तो. माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टी वाईट हेतूने केल्या त्या मला इतक्या टोचत नाहीत. त्यांची काहीतरी शिक्षा कुठेतरी मिळून गेली. हे मायेने केलेलं होतं, म्हणून कोणी रागावलंही नाही. काकीसुद्धा नाही.

पांडूचं लग्न झोकात झालं. रांजणांपाशी पेले ढिगाने ठेवले होते, ज्याने त्याने घ्यावा आणि प्यावं. पोरं त्यांचे मनोरे रचत होती. एकही पेला फुटला नाही, एकही पाय कापला नाही. पेले धुवायला दोन बायका पुरल्या, नुसत्या पाण्यातून काढले की झालं. सगळे मला शाबासकी देत होते. फक्त पाणी पिताना लोक उभे राहत नव्हते. यायचे, घटाघटा प्यायचे, अर्धा पेला तसाच ठेवून निघून जायचे. गोडं पाणी जमिनीत जिरत होतं आणि भेंडीखालचा पाट रिकामा होता.

लग्नाची गडबड ओसरल्यावर आई एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "चांगुना आली नाय."

"आली नाय? का बरं?"

आईने लाकूड आत सारलं. "नारल कोनी ठेवला?"

एवढंच म्हणाली. मला समजायला तेवढं पुरलं. पेले मागणं हेच तिचं बोलावणं होतं. तिला 'मांडवात ये' म्हणायचा तो एकच मार्ग गावाने शोधून ठेवला होता, कोणाच्याही तोंडून शब्द न काढता. आणि तिला त्रास नको म्हणून मी तो बुजवून टाकला होता.

त्याच दिवशी उठून मी गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी गेलो नाही. प्रथम लाज वाटली. मग मुंबईची लाँच होती. पुढच्या खेपेला जाऊ असं म्हटलं, आणि पुढच्या खेपेला आलो तेव्हा आमच्याच ओट्यावर नारळ होता. गावात दुसरीकडे लग्न होतं. बायको हसत हसत सांगत होती, "आपल्या पेल्यांसाठी आले व्हते. तुमचा नाव काढीत व्हते."

ते मला आवडलं. खोटं कशाला सांगू? माझी जमीन फार नव्हती, भावकीत माझा शब्द फार चालत नव्हता. आणि आता ज्याच्या घरी लग्न तो माझ्या ओट्यावर येऊन उभा राहत होता. लग्नामागून लग्न, नारळामागून नारळ. त्या नारळांची चटणी आमच्या ताटात यायची. एखाद्या दुपारी जेवताना घास तोंडात फिरायचा, मग मी पाणी प्यायचो आणि तो खाली जायचा. ते नारळ दुसऱ्या एका ओट्यावरचे होते हे मला ठाऊक होतं. माझ्या आईलाही ठाऊक होतं. ती गेली तोवर तिने तो विषय पुन्हा काढला नाही, पण लग्नाच्या नारळाची चटणी ती वाढून घेत नसे. म्हणायची, "दात दुखतंत."

मी एक वाट मात्र पाहत होतो. मनातल्या मनात म्हणायचो, हे पेले काही कायमचे नाहीत. चार लग्नांत फुटतील, चिरतील, रंग उडेल, मग लोक पुन्हा पितळेकडे वळतील, नारळ पुन्हा काकीच्या ओट्यावर जाईल, आणि मला काहीच करावं लागणार नाही. माझ्या चुकीला मुदत आहे अशी माझी समजूत होती. पण माल मी स्वतः काढलेला होता, चांगला काढलेला होता. वर्षं गेली आणि पेले तसेच राहिले. दर लग्नानंतर पोतं परत आलं की मी त्यात हात घालून चाचपायचो, कुठे तडा सापडतो का. सापडला नाही. आपल्या हातच्या कामाला खोट निघावी म्हणून कोणत्या कारागिराने इतकी वाट पाहिली असेल?

काकी या वर्षांत मिठागरावर जायची, टोपल्या वाहायची, मग तेही सुटलं. गावात वाजंत्री वाजली की तिच्या घराचं दार पुढे लोटलेलं असे. बंद नाही, लोटलेलं.

आता मंदाचं लग्न. पोतं खाली उतरवलं त्या दिवशी मी ओट्यावर बसून राहिलो, आणि ऊन कलल्यावर उठून घरातला नारळ घेतला. बायकोने विचारलं कुठे. म्हटलं, पेले सांगायला. ती पोत्याकडे पाहायला लागली, मग माझ्याकडे. आणि तिने नारळाला हळद-कुंकवाचं बोट लावून दिलं.

काकी दारातच बसली होती, लसूण सोलत. केस पार पांढरे झालेले, बोटं सांध्यांत वाकलेली. मी नारळ ओट्यावर ठेवला. बोलायचं वाक्य वाटभर घोटत आलो होतो. "काकी, पेले पायजेत."

तिने नारळाकडे पाहिलं. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. गुलाबी पेल्यात. माझ्याच साच्यातला पेला. बोटाला शिवण लागली.

"ह्यो कुठल्या तरी लग्नाशी पोरांनी हितं आनून टाकलंन," ती म्हणाली. "नाव नाय त्याच्याव. कोनाला परत देवू? मंग ऱ्हायला." आणि पेल्याकडे बोट करून, "चांगला हाय रं. हलका हाय. पितलेचा आता मना उचलत नाय."

मी तिच्याकडून एखादा कडू शब्द ऐकायला आलो होतो, आणि ती माझ्या पेल्याची तारीफ करत होती.

"ते पितलेचे हायत ना पन?"

"हायत की. पेटाऱ्यात. काले पडलेत. कोन घासल?" मग ती हसली, तोंडात दोनच दात. "कशाला पायजेत तुना? तुजं रंगीत संपलं का? फुटत नाय बोललेलास."

"फुटले नाय काकी," मी म्हणालो. "एक पन नाय."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मी तिथे उभा. नारळ आम्हा दोघांच्या मधे. पितळ तिला झेपणार नव्हतं आणि पितळेशिवाय ती येणार नव्हती, हे मला दिसत होतं. बोलावणं म्हणून मी जे घेऊन आलो होतो त्याला आता अर्थ उरला नव्हता. तेव्हा जो शब्द कोणी उच्चारत नाही तो उच्चारावा लागला.

"काकी, पेल्यांचं ऱ्हाऊ दे. मंदाच्या हळदीला तू ये."

तिच्या हातातली पाकळी खाली पडली. "येडा झालास? मना कोन बोलवतंय हलदीला?"

"मी बोलवतोय."

"लोक काय बोलतील? हात हलवत येऊ? काय म्हनून येऊ?" तिचा आवाज चढला, आणि त्या चढलेल्या आवाजात मला ती जुनी, व्याह्यांना दटावणारी काकी दिसली. "भांडी असली त बाईला बसाया जागा असते रं. तू शिकलेला हायस, तुना इतका समजत नाय?"

मी घरी आलो. पोतं तसंच पडलं होतं. ते खांद्यावर टाकलं. काही वजन नव्हतं त्याला, इतकं हलकं की लाजच वाटली. आळीतून भर उजेडात ते घेऊन गेलो आणि काकीच्या ओट्यावर, नारळाच्या शेजारी ठेवलं.

"हे आता तुझ्याकडं ऱ्हातील. ज्याला पायजेत तो तुझ्याकडं येल, नारल घेऊन. मंदाच्या लग्नासाठी पहिला नारल माझा."

तिने पोत्याला बोट लावून पाहिलं. "माझ्याकडं कशाला? तुझ्या हातचं हाय ते."

"म्हनूनच."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "ठेव तिथं," म्हणाली. मी निघालो तेव्हा नारळ अजून ओट्यावरच होता.

दहा लग्नसराया मी तिच्याकडून काढून घेतल्या. पोतं उचलून तिच्या दारात ठेवल्याने त्या परत मिळत नाहीत, आणि हे लिहिल्यानेही नाहीत. मागच्या दहा वर्षांत ज्या मुलींची लग्नं झाली त्यांच्या हळदीत ती नव्हती. त्यांतल्या कितीजणींना तिने लहानपणी न्हाऊ घातलं होतं. हल्ली गावात बोलणी चालतात की पलीकडे मोठं शहर वसवणार, जमिनी जाणार, सगळं नवं होणार. लोक फायदे मोजतात. मी ऐकतो, आणि फायदे खरे असतात हे मला माहीत असल्यामुळे गप्प बसतो.

आज सकाळी खाडीकडून येताना तिच्या घरावरून आलो. ओट्यावर नारळ नव्हता. ओटाभर पेले पालथे घातलेले होते, ओळीने. गुलाबी, हिरवे, पिवळे, निळे, आणि अगदी कडेला एक पितळेचा, घासून लख्ख केलेला. त्याचा काठ उन्हात चमकत होता, खालचे ठिपके वाचता येत होते. काकी मधोमध बसली होती. पुढ्यात चिंच होती, राख होती, आणि नारळाच्या शेंडीने ती एकेक रंगीत पेला जीव लावून घासत होती.

प्लास्टिकला राख लावायची नसते. कारखान्यात पहिल्याच दिवशी आम्हाला ते सांगितलं होतं. याला काही होत नाही, फक्त राखेने घासलं तर बारीक चरे पडतात आणि तकाकी जाते ती कायमची. ओट्यावरचे निम्मे पेले आत्ताच आंधळे झाले होते. दहा वर्षांत गावाला जे जमलं नाही ते तिने एका सकाळीत केलं होतं.

तिने मान वर केली. "दामू, पेले घासून ठेवते रं. कधी नेनार?"

तोंडापर्यंत आलं होतं, की काकी, यांना घासावं लागत नाही. मी ते गिळलं.

"उद्या नेतो," म्हणालो, "चांगले घास."